देवमनचं वावर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. मोटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच चार चाकांची गाडी येईल, म्हणून आधीच सांगते, मी विहिरीतलं पाणी ओढणारी मोटर. मला तोंडं दोन आहेत. एकाने पाणी ओढते, दुसऱ्याने फेकते. बोलायला मात्र एकही नाही, आणि त्याचं दुःख मला जन्मभर पुरणार आहे.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात माझं अंग ओतलं, पोटात तांब्याची तार गुंडाळली, वरून निळा रंग दिला आणि मी रिसोडच्या एका दुकानात येऊन बसले. तिथून रिठदच्या नानाजींनी मला आणलं. नानाजी गावातले मोठे शेतकरी. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिली धार पडताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, कसं पानी फेकून राह्यली! हत्तीन हाये हत्तीन!" मी काय, हुरळले.

कौतुक नानाजींचं, पण राबणूक देवमनची. नानाजींच्या विहिरीला लागूनच देवमनचं लहानसं वावर होतं. वावर म्हणजे शेत. आमच्या वऱ्हाडात असंच म्हणतात. देवमनने मोटर सांभाळायची आणि त्याच्या बदल्यात आपल्या वावराला पाणी घ्यायचं, असा त्या दोघांचा तोंडी करार होता. मी पाणी धरलं नाही की तो लोट्याने माझ्या तोंडात पाणी ओतायचा, खालच्या जाळीत अडकलेला काडीकचरा काढायचा, उन्हात माझ्यावर ओलं पोतं टाकायचा. "बाई, आज रुसू नोको," असं म्हणत बटण दाबायचा. माझ्याशी इतकं अदबीने कुणी बोललं नाही, नानाजीसुद्धा नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी, सारं गाव रिसोडला गेलेलं असताना, दोन अनोळखी माणसं आली. त्यांनी माझे बोल्ट खोलले, मला काठीला बांधलं आणि निघाले. पण मी म्हणजे काही फुलांची परडी नव्हे. नाल्यापर्यंत जाता जाता त्यांचा दम निघाला, आणि देवमनच्या धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, बेशरम नावाच्या रानझुडपात मला टाकून ते पसार झाले. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईच्या बकऱ्यांनी मला शोधलं. तुळसाबाई त्या भागात रोज बकऱ्या चारायची. तिने आरडाओरडा केला, नानाजी धावले, पोलीस आले. मी मनात म्हटलं, चला, सुटले.

ठाण्यात नवे साहेब बदलून आले होते, थेट कोकणातून. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. ठाण्याच्या ओसरीत मला टेकवून ठेवलं होतं, तिथेच त्यांनी तुळसाबाईला विचारलं, "विहिरीजवळ कोण कोण असतं?"

तुळसाबाई म्हणाली, "देवमनचं वावर हाये जी तठी."

साहेबांनी लिहून घेतलं, 'देवमनचा वावर तेथे असतो.' त्यांच्याकडे वावर म्हणजे येणं-जाणं, घुटमळणं. पूर्वी कुणी ध चा मा केला, असं तुम्ही शाळेत ऐकलं असेल. इथे 'चं'चा 'चा' झाला, आणि तोही कुणी मुद्दाम केला नाही. साहेबांनी जबाब वाचून दाखवला, तेव्हा तुळसाबाईने 'वावर' एवढाच ओळखीचा शब्द ऐकला आणि मान डोलावली. साहेबांचं बोलणं जरा मोडकं आहे, असं तिला वाटलं असेल. तिने अंगठा दिला.

देवमनला बोलावलं. "तू तिथे रोज जातोस?" साहेबांनी विचारलं.

"रोज जातो ना जी. वावर हाये माहं."

"म्हणजे कबूल करतोस?"

"त्यात नाई म्हनाचं काय काम?" देवमन हसून म्हणाला.

मित्रांनो, ते हसू मी शेवटचं पाहिलं. मोटर त्याच्या धुऱ्याजवळ सापडलेली, वावर त्याचा, वर स्वतःच कबूल. त्याला आत घातलं. मी समोर होते. चोरांची तोंडं मी पाहिली होती. पण माझ्या दोन्ही तोंडांतून तेव्हा थेंबभर पाणीही निघालं नाही.

जामीन मिळत होता, पण जामीन राहायला जमीनजुमला असलेला माणूस हवा होता. देवमनची बायको ज्योत्स्ना कडेवर लहानग्या वैष्णवीला घेऊन ठाण्यात आली. नानाजी त्या दिवशी मला परत मागायला आले होते. ती त्यांच्या पाया पडली. "नानाजी, तुमाले मालूम हाये, ते चोर नाई."

"मले मालूम हाये ना, बाई," नानाजी खाली बघत म्हणाले. "पन केस माह्याच मोटरची. मीच जामीन राह्यलो, तं लोक काय म्हनतीन?"

ज्योत्स्ना उठली आणि गेली. नानाजीच मागे सरले म्हटल्यावर गावातलं दुसरं कुणी पुढे येईना. विस्तवात हात घालायला कोण जातं? मला मुद्देमाल म्हणून ठाण्यातच ठेवून घेतलं, आणि नानाजींनी दुसरी मोटर बसवली. देवमनची रवानगी झाली ती थेट तुरुंगात.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. ठाण्याच्या मागे मोडक्या दुचाक्यांच्या ढिगाऱ्यात मी पडून होते. निळा रंग उडाला, गंज चढला, एका तोंडात सरड्याने बिऱ्हाड केलं. कधी साक्षीदार नाही, कधी वकील नाही, कधी साहेबांची बदली, असं करत खटल्याची तारीख पुढे जात राहिली. मी लोखंडाची, मला भूक नाही, लेकरू नाही. मी थांबू शकत होते. देवमनला मात्र थांबवून ठेवलं होतं.

अखेर मला कोर्टात नेलं. देवमन पिंजऱ्यात उभा होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही. सरकारने त्याला दिलेल्या वकील योगिनीताई वयाने लहान होत्या, पण त्यांनी आजवर कुणालाच न सुचलेली गोष्ट केली. त्यांनी तुळसाबाईला सरळ विचारलं, "मावशी, देवमनचा वावर म्हणजे काय हो?"

"वावर म्हंजे वावर! जमीन! त्याच्या बापाची हाये. काहून जी?"

कोर्टात हशा पिकला. तुळसाबाईला कारण कळेना. योगिनीताईंनी समजावून सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय! माह्याच बोलन्यानं लेकराले आत घातलं काय?" ती रडायला लागली, तेव्हा हसू थांबलं.

देवमन निर्दोष सुटला. मुद्देमाल मूळ मालकाला परत द्यावा, असाही हुकूम झाला. म्हणजे माझा हिशेब पुरा झाला. देवमनचे दोन उन्हाळे मुद्देमालात कुणी धरलेच नव्हते; ते तो कुणाकडे मागणार?

दुसऱ्या दिवशी नानाजी टेम्पो घेऊन मला न्यायला आले. तुरुंगातून सुटलेला देवमन त्यांना रस्त्यात भेटला. दोघे माझ्याशेजारी बसले. रिठदला देवमनच्या घराजवळ टेम्पो थांबला तेव्हा नानाजी म्हणाले, "देवमन, मोटर तुह्याच वावरात लाव. आता तुहीच समज. धर एका बाजूनं."

देवमनने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "ना जी. मी हात नाई लावत हिले. कोनी पाह्यलं तं?"

मला पोतं पांघरणारे ते हात होते, मित्रांनो. नानाजींनी तोंड फिरवलं.

दारात वैष्णवी खेळत होती. आता ती चांगली चुरुचुरु बोलू लागली होती. टेम्पोतून उतरलेल्या माणसाकडे तिने वर पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन हाये जी?"

देवमन ताठ उभा राहिला. हात मांड्यांना चिकटवले, नजर समोर. "देवमन सखाराम, हाजीर!" तो म्हणाला. आपण कुणाशी बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला तेलपाणी करा, आम्हाला गंजू देऊ नका. मला ते मागायचं नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल, कुणी वकील होईल, कुणी नुसताच शेजारी. समोरचा काय म्हणाला, हे नीट कळलं नाही, तर पुन्हा एकदा विचारा. आणि जे खरं आहे ते तुम्हाला ठाऊक असेल, तर लोक काय म्हणतील, याची वाट पाहू नका. तुम्हाला तोंड आहे.

माझा गंज तासाभरात खरवडून झाला. आमच्याकडे लेकरं बापाला 'तू' म्हणतात. वैष्णवी देवमनला अजून 'तुमी' म्हणते.