जोड धरला का

"वाकवा."

"वाकवतोय."

"काका, वाकवा म्हणते मी. नुसतं बघू नका त्याच्याकडे."

पुस्तकं बांधणारा बाइंडर खरोखरच वाकवत होता. कपाळावर घाम आला होता, मनगटावरची शीर तटतटली होती. बाकीची बोटं मुकाट आत येत होती. डाव्या हाताची तर्जनी मात्र ताठ, जणू त्या हाताची नव्हेच.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळी थोडं तरी वाकत होतं. घरी हातावरचा स्प्लिंट काढला होतात का?"

बाइंडर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहू लागला.

"अहो, बाई काय विचारतायत?" शेजारी बसलेली बायको म्हणाली.

"काढला होता. जरासा."

"जरासा म्हणजे?"

"जोड धरला का, ते बघायला."

पुठ्ठा कापताना पट्टीवरून सुरी सटकली आणि बोट वाकवणारा टेंडन तुटला होता. सर्जननं तो शिवला. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं : आत्ता जे बळ आहे ते टाक्यांचं आहे, टेंडनचं नाही. मधल्या काळात शिवलेली टोकं उलट मऊ पडतात. घरी बोट उजव्या हातानंच वाकवायचं; त्याच्या स्वतःच्या जोरावर फक्त इथे, त्यांच्यासमोर. बाइंडरनं मान हलवली होती. त्याला सगळं समजलंही होतं, पण पुठ्ठा चिकटवायच्या खळीच्या भाषेत. खळ वरून सुकली की तो पुस्तक उघडायचा आणि पुठ्ठा हलकेच ओढून पाहायचा. असं ओढून पाहिल्याशिवाय त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक कधी दिलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बायको बाजारात गेली असताना त्यानं स्प्लिंट सोडला, टेबलाच्या खणाच्या कडीत बोट अडकवलं आणि हलकेच ओढलं. ओला दोरा तुटावा तसं आत काहीतरी सुटलं. फारसं दुखलंही नाही. त्यानं स्प्लिंट पुन्हा बांधला. आज बाईंनी खोदून विचारलं तेव्हा ते सगळं बाहेर आलं.

"खणाशी रस्सीखेच!" बायकोचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "बाई, यांच्या शर्टाची बटणं मी लावते. नखं मी कापते. चहासुद्धा ढवळू देत नाही यांना. आणि हे बघा!"

"काका, ते पुस्तक नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांचाही धीर सुटत आला होता.

"पुस्तक असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं," बाइंडर हळूच म्हणाला.

सर्जननं पुन्हा शिवता येईल असं सांगितलं. पण टोकं आता आक्रसली होती. दुसरीकडून टेंडन काढून जोडायचा, दोनदा भूल, पुढे कितीतरी महिने तोच स्प्लिंट. एवढं करून बोट पुरतं वाकेल याची खात्री नाही ती नाहीच.

"नको," बाइंडर म्हणाला. "मी पुन्हा ओढून बघेन."

बायको कपाळाला हात लावून बसली.

घरी येताना ती कोपऱ्यापर्यंत तरातरा पुढे चालत होती. मग म्हणाली, "हात खिशात घाला. लोकांना वाटेल, रस्ता दाखवताय."

दुकानात एक जाडजूड शब्दकोश अपघातापासून तसाच पडला होता. फर्म्याची, शिवायच्या पानांच्या जुडीची, घडी धरायला बाइंडरला ते बोट हवं होतं. ते घडीत शिरेना, शिरलं तर मागे येईना. शेवटी बायकोनं सुई ओढून घेतली.

"दोरा घट्ट घे."

"घट्टच आहे."

"नाहीये."

"मग शिवा तुम्ही!"

ती शिवत राहिली. फर्मे संपले, पाठीवर कापड चढलं, पुठ्ठ्यांना खळ लागली. वरची खळ सुकल्यासारखी दिसू लागली तेव्हा तिनं शब्दकोश त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या, बघा ओढून. नाहीतर जेवण जायचं नाही तुम्हाला."

बाइंडरनं उजवा हात पुठ्ठ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग त्यानं पुस्तक उचलून दाबाच्या शिकंज्यात ठेवलं आणि डाव्या हातानं आधार देत उजव्यानं स्क्रू फिरवू लागला. चार बोटं पुस्तकाला धरून होती. पाचवं कडेच्या बाहेर, सरळ.

"बघितलं नाहीत?"

"आतून ओली असेल अजून," तो म्हणाला. "राहू दे."