बुधवारी आलेली लेक

"बाराची गोळी देली होती का, वयनी?" पायातल्या चपलाही न काढता रागिणीनं विचारलं.

खाटेवर तिचे वडील, शेषराव, वाकून बसले होते. श्वास गळ्याशी यायचा आणि दारातूनच परतणाऱ्या पाहुण्यासारखा माघारी फिरायचा.

"देली नं ताई," भावजय गीतांजली म्हणाली. "वावरात जातानी वाटीत ठेवून गेली. वाटी रिकामी हाय, पाहा."

रागिणीनं वाटी पाहिली, मग भावजयीचं तोंड पाहिलं. बाबांच्या कंपवाताला चार वर्षं झाली होती. तरी ती दर रविवारी अकोल्याहून मोर्शीजवळच्या या माहेरी यायची, तेव्हा बाबा फाट्यावर उभे असायचे. हात जरा जास्तच झुलायचे, मान डोलायची. पण तिची पिशवी ओढून घेत पुढं चालायचे. मग 'दुपारी दम लागते, उठनंही होत नाही' असं वयनी फोनवर सांगायची ते कशाचं? सासरा अंगावर नको म्हणून हे रडगाणं, असं रागिणीनं मनाशी धरलं होतं. आज न कळवता आली ती त्यासाठीच. आणि बाबांची ही दशा पाहून संशयानं नुसती कूस बदलली. म्हणजे दम खरा, गोळी देणं खोटं!

तिनं औषधाची पाकिटं खाटेवर ओतली. तारखांशी ताडून पाहिली. एकही गोळी जास्त उरली नव्हती.

"पाकिटातून गेल्या, पोटात नाही गेल्या. फेकून राहिली का तू?"

गीतांजलीच्या हातांवर संत्र्याच्या काट्यांचे ताजे ओरखडे होते. "फोनवर मले खोटी म्हनता, आता चोट्टी म्हना! न्या मामाजीले अकोल्याले. आताच न्या. मीच बॅग भरून देतो."

"नेतोच!"

रागिणीनं खुंटीवरची बाबांची बंडी ओढली, तशी खिशात चुन्याची डबी खुळखुळली. तंबाखू सुटून तर दोन वर्षं झाली होती. तिनं डबी उघडली. आत तीन गोळ्या. सोमवारची, मंगळवारची, आजची.

"बाबा?"

शेषरावांचे ओठ हलले. दोघी खाली वाकल्या.

"आयतवारी तू येतं..." श्वास अडकला, पुन्हा लागला. "दोन-तीन संग घेतल्या का पाय चालते. लेक फाट्यावर उतरते अन् बाप खाटेवर... बरं दिसते का, माय?"

गीतांजलीनं डबीत डोकावून पाहिलं. "अन् बाकीचे सा दिवस मी मरून राहिली वो मामाजी! तुमचा जीव राहते का जाते म्हनून!"

रागिणीनं डबी भावजयीपुढं धरली.

"वयनी, आता किती द्याची?"

"एकच. या डबीतली नाही, पाकिटातली. मंग डाक्टरले फोन लावतो, सारं सांगतो."

गीतांजलीनं गोळी दिली, पाण्याचा पेला ओठांना लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. शेषरावांनी लेकीकडं पाहिलं.

"बाई, तू तिकडं पाह्य जराशी."

रागिणी उंबऱ्यावर, अंगणाकडं तोंड करून बसली. मागून श्वास ऐकू येत होता, तुटत, सांधत. गीतांजली म्हाताऱ्याची पाठ चोळत होती. तिच्यासमोर त्यांना लाज नव्हती.

बराच वेळ गेला. श्वास हळूहळू लयीत आला. रागिणीनं मान वळवली नाही.