बूट रविवारी मिळत

शनिवार चर्चच्या पाळकांच्या बायकोला नको व्हायचा. रविवारच्या उपदेशाची तालीम पाळक घरी तिच्यासमोर करायचे. मधेच थांबून प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की हात उचलायचे. बाहेर हेच गृहस्थ म्हणजे अगदी गरीब गाय. चर्चमधली माणसं त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायची.

ती एकदा माहेरी पळाली होती. तेव्हापासून तिचे बूट, चपला पाळकांच्या कपाटात कुलूपबंद. रविवारी प्रार्थनेपुरते तेवढे बूट मिळत.

या खेपेला विषय होता बायबलमधला 'धन्य' हा शब्द. त्याचा ग्रीक शब्द मुळात देवांसाठी आणि मेलेल्यांसाठी, पाळक सांगत होते. दुःख ज्यांच्यापर्यंत पोचत नाही ते धन्य. हिब्रू शब्दाच्या मुळाशी मात्र चालणं आहे, सरळ वाटेनं पुढे जाणं.

"मग तू कुठल्या अर्थानं धन्य?"

उत्तराला उशीर झाला. पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. दात ओठात रुतला.

"ग्रीक," ती कशीबशी म्हणाली.

पाळक खूश झाले. हात धुऊन जेवायलाही बसले. भूक तरी कशी लागते अशा माणसाला!

रविवारी तिला बूट मिळाले. ओठावर पावडर थापून ती पहिल्या बाकावर बसली. पाळक रंगात आले. चालण्याविषयी सांगता सांगता स्वतःच भारावले. तेवढ्यात ती उठली आणि बाकांमधून दाराकडे निघाली. पावलागणिक बरगडीतून कळ येत होती.

वाक्य अर्धवट टाकून पाळक खाली धावले. त्यांनी तिला केसांना धरून आपटलं आणि कानशिलात ठेवून दिल्या. हात तालमीतल्यासारखाच चालला. समोर सगळी मंडळी बसली आहे याचं भान उरलं नाही.

"कुठं निघालीस?"

"चालतेय," ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगत होतात."

ती उठू लागली तसा त्यांनी तिचा पाय पकडला. तिनं दुसऱ्या पायाची टाच सगळ्या ताकदीनिशी त्यांच्या नाकावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. पाळक रक्तानं माखले, आणि तिचा बूट त्यांच्या हातात राहिला.

कुणी जागचं हललं नाही. फक्त ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

एका बुटानिशी ती पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीला जीव कळवळत होता, आणि ती चालत होती.