देवमासा की बर्फ

सुभद्राबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या, तेव्हा तौहीदचा व्हिडिओ कॉल आला. तौहीद त्यांच्या मैत्रिणीचा, बिल्कीसचा, धाकटा मुलगा. अकोल्यात वाढला, हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि आता अलास्काच्या समुद्रात फिरणाऱ्या एका भल्यामोठ्या जहाजावर पाव-केक भाजत होता. नोकरांच्या घरच्या दोन माणसांना कंपनी एकदा जवळजवळ फुकटात फिरवते. आईवडिलांनी यावं, अशी त्याची फार इच्छा.

पण वडील इनायतुल्ला यांना अकोला-अमरावतीची एसटीसुद्धा झेपत नसे. मूर्तिजापूर यायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर असायचं. "मले त्या जहाजात न्याचंच असन त आधी बेशुद्ध करा," असं त्यांनी सांगून टाकलं आणि आपल्या गाद्या-रजयांच्या दुकानात जाऊन बसले. मग बिल्कीसने सुभद्राबाईंचं नाव घातलं. दोघी अकोल्याच्या डीएडपासूनच्या मैत्रिणी. एक अकोल्यात उर्दू शाळेवर, एक अमरावती जिल्ह्यात मराठी शाळेवर, आणि दोघी एकाच वर्षी रिटायर.

व्हिसा झाला होता, तिकिटं झाली होती. राहिली होती सहल.

"मावशी, जुनो म्हणून गाव आहे, तिथं जहाज दिवसभर थांबते," तौहीद म्हणाला. "सहल एकच घेता येते. एक, बोटीत बसून देवमासे पाहाचे. दोन, जंगलातून पायी ग्लेशियरपर्यंत जायचं. तीन, दोन्ही एकाच दिवसात. सकाळी मासे, मंग सहा किलोमीटर चालणं. सोमवारपर्यंत सांगा, जागा भरून राहिल्या."

"बोटीवर बाथरूम असते का रे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"असते ना."

"अन् त्या जंगलात?"

"जंगलात जंगल असते, मावशी."

"मंग मले देवमासाच पाहाचा आहे," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पुन्हा मिरच्यांकडे वळल्या.

आता बिल्कीसला हवा होता बर्फ. अकोल्याच्या मे महिन्यात बत्तीस वर्षं पत्र्याखाली पोरांना शिकवलेल्या बाईला जगात दुसरं काही पाहावंसं वाटेल असं नव्हतंच. तिने लगेच फोन लावला.

"मासा काय पाहातं वं? पाण्यातून पाठ काढते, पुन्हा बुडते. बाजारात मासोळी पूर्ण तरी दिसते."

"देवमासा हाय तो. नावातच देव हाय."

"तू कधीपासून एवढी भक्तीण झाली?"

सुभद्राबाईंनी मग गुडघ्यांचं कारण सांगितलं, थंडीचं सांगितलं, तिथं अस्वलं असतात हेही सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. तेवढं त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

नवरा भगवंतराव. धामणगाव रेल्वेला त्यांची धान्याची अडत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना सहलीचा फॉर्म दाखवला, तर त्यांनी चष्मा न लावताच मत दिलं. "बर्फावर चालाले एवढ्या दूर कायले जाता? फ्रिज उघडा अन् पाय ठेवा." मग चष्मा लावला. वजनाच्या रकान्यात सुभद्राबाईंनी पासष्ट लिहिलं होतं. भगवंतरावांनी बायकोकडे एक नजर टाकली. चाळीस वर्षं नुसतं पाहून पोत्याचं वजन सांगणारा माणूस तो.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "बारदान्यासकट."

फॉर्मच्या खाली सूचना होत्या. त्यात एक होती की सुती कपडे घालू नयेत, ओले झाले की थंडी धरतात. ही सूचना अकोल्यात इनायतुल्लांना कळली, तेव्हा त्यांनी ती मनावरच घेतली. वऱ्हाडातल्या माणसाला कापूस घालू नका म्हणणारे हे कोण? त्यांनी त्याच दिवशी दोन मापांची दोन जाकिटं कापली आणि आत असा गच्च कापूस भरला, की ती जाकिटं अंगात नसतानाही उभी राहत. बायकोला मात्र ते म्हणाले, "मासोळीपासून जरा दूर राहजो. यूनुस नबी मासोळीच्या पोटात गेले, पण ते नबी होते, बाहेर आले. तू मास्तरीण आहे."

शेवटी तोडगा बिल्कीसनेच काढला. रविवारी दोघींनी चिखलदऱ्याला जायचं आणि सहा किलोमीटर चालून पाहायचं. चालता आलं तर बर्फ, नाही आलं तर मासा. सुभद्राबाईंना हा सौदा बरा वाटला, कारण नापास होणं त्यांच्या हातात होतं.

रविवारी उन्हं चढायच्या आत दोघी वर पोचल्या. टॅक्सी स्टँडवर सोडली आणि दरीच्या कडेच्या रस्त्याने निघाल्या. पहिले दोन किलोमीटर गप्पांत गेले. बिल्कीस दर दहा मिनिटांनी बाटली तोंडाला लावी आणि पुढे करी. सुभद्राबाई मान हलवून नको म्हणत. तिसऱ्या किलोमीटरला त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर बसल्या. नापास व्हायचंच होतं, पण इतक्या खरेपणाने नाही.

बिल्कीसने बाटली त्यांच्या ओठांशी धरली. सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं.

"सकाळपासून काय पेली तू?"

"अर्धा कप चहा."

"काहून?"

सुभद्राबाईंनी मोकळ्या रस्त्याकडे हात केला.

"इथं कुठी जाऊ मी?" त्या म्हणाल्या.

आणि मग सगळंच सांगितलं. पहिल्या शाळेत अकरा वर्षं संडासच नव्हता. पुरुष मास्तर मधल्या सुट्टीत बांधावर उभे राहून यायचे. बाई कुठे जाणार? गावातल्या घरी जाऊन विचारायचं तर पोरं मागे येत, "बाई कुठी चालल्या?" म्हणत. दुसऱ्या शाळेत संडास झाला, तर त्याला कुलूप लागलं आणि किल्ली हेडमास्तरच्या खिशात. किल्ली मागितली की स्टाफरूममधले सगळे एकदम वहीत डोकं घालायचे. तेव्हा सुभद्राबाईंनी पाणी प्यायचंच सोडलं. सकाळी अर्धा कप चहा आणि पाच वाजेपर्यंत काही नाही, अशी तीस वर्षं काढली. आता रिटायर झाल्या, घरात दोन संडास, पण शरीराने हिशेब धरला होता. आता अर्धा तासही दम निघत नसे. लग्नाला जायचं तर आधी कार्यालयाचं बाथरूम कुठे ते पाहायचं. प्रवासाला जायचं तर उपाशी.

"म्हून मले मासा पाहाचा आहे," त्या म्हणाल्या. "मासा गेला चुलीत. बोटीवर दार लावाले जागा हाय."

बिल्कीस गंभीर झाली. मग तिचे खांदे हलू लागले. सुभद्राबाईंना वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"दानिशच्या निकाहात काय झालं, तुले सांगतलं नाई मी," ती म्हणाली. दानिश तिचा थोरला. "काझीसाहेबांनी 'कबूल है' इचारलं अन् नेमकी मले शिंक आली. एकच. मी त खुर्चीवर जागच्या जागी गेली, सुभद्रे. सगळे गळाभेट करून राहिले अन् मी उठूनच नाई राहिली. लोकाईले वाटलं, माय भरून पावली. नणंद म्हणे, कसं दिल आहे बिचारीचं."

"मंग?"

"मंग काय, रडली. रडाले कारण होतंच. अनीसाने शाल आणून गुंडाळली, तशीच घरी गेली. तवापासून मी कधीबी पॅड लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाई. आताबी हाय."

अनीसा म्हणजे तिची बहीण. सुभद्राबाईंना त्या निकाहातला तो क्षण चांगला आठवत होता. त्या स्वतः तिसऱ्या रांगेत बसून बिल्कीसकडे पाहून डोळे पुसत होत्या. आता त्या अशा हसल्या की व्हायचं ते होऊ लागलं. बिल्कीसने त्यांना उठवून घाणेरीच्या जाळीमागे ढकललं आणि स्वतः ओढणी दोन्ही हातांनी ताणून पहाऱ्यावर उभी राहिली. वरच्या फांदीवरून एक वानर एकटक बघत होतं.

"तुले मायबहीण हाय का नाई बे?" बिल्कीसने त्याला विचारलं. ते तसंच बसून राहिलं.

जाळीमागून आल्यावर सुभद्राबाईंनी अख्खी बाटली संपवली. उरलेले तीन किलोमीटर त्यांनी बिल्कीसच्या पुढे राहून पूर्ण केले.

त्या संध्याकाळी फॉर्म भरताना तीन नंबरवर खूण झाली. खाली एक रकाना होता, काही विशेष गरज असल्यास लिहा. तौहीदने तो मोकळा सोडा म्हटलं होतं. बिल्कीसने आपल्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत लिहिलं की आम्ही साठीच्या पुढच्या दोन शिक्षिका आहोत, आम्हाला वारंवार लघवीला जावं लागतं, तरी वाटेत सोय काय आहे ते कळवावं, आपली विश्वासू. सुभद्राबाईंनी "हे पोरगं जहाजावर तोंड कसं दाखवंल" म्हणत डोक्याला हात लावला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार मानले होते. बरेच पाहुणे हे विचारतात, वाटेच्या सुरुवातीला संडास आहे, पुढे दोन ठिकाणी आडोशाच्या जागा आहेत, गाइडला सांगून ठेवलं आहे. भगवंतरावांनी ते मोबाइलवर मोठ्याने, चार घरांना ऐकू जाईल असं वाचलं. नेहमीसारखं काहीतरी बोलतील म्हणून सुभद्राबाई वाट पाहत होत्या. ते म्हणाले, "मले कधी सांगतलं नाई तू," आणि मोबाइल ठेवून हात धुवायला गेले.

सप्टेंबरात दोघी जुनोला उतरल्या, तेव्हा बारीक पाऊस होता. गाइड पंचविशीची, लाल टोपीवाली मुलगी होती. तिने कापसाची ती दोन जाकिटं बोटाने दाबून पाहिली, दोघींना वरून मोठमोठे रेनकोट चढवले आणि बोटीत बसवलं. तासभर राखाडी पाण्याशिवाय काही दिसलं नाही. बिल्कीस पुटपुटत होती की हेच पाहायचं होतं तर आपलं काटेपूर्णाचं धरण काय वाईट होतं.

मग बोटीच्या अगदी जवळ पाणी फुटलं. आधी फुस्स असा मोठा आवाज, मग काळी, ओली, संपतच नाही अशी पाठ. माशाने सोडलेला श्वास वाऱ्याबरोबर आला आणि सुभद्राबाईंच्या चष्म्यावर बसला. वास असा, की सुकटीचं पोतं पावसात भिजून आठवडाभर पडलंय. बोटीवरचे सगळे ओरडत होते, फोटो काढत होते. सुभद्राबाईंनी चष्मा पुसला नाही. शेपटी वर आली, क्षणभर थांबली आणि आवाज न करता खाली गेली.

"कसा निवांत हाय," त्या म्हणाल्या.

"वास मारते," बिल्कीस म्हणाली, पण तिनेही कठडा सोडला नव्हता.

दुपारी चालणं सुरू झालं. शेवाळलेली झाडं, लाकडी पायऱ्या, चिखल. सुभद्राबाई पाणी पीत चालल्या. दोनदा गाइडने नुसती भुवई उंचावून विचारलं आणि दोन्ही वेळा त्या सरळ आडोशाला जाऊन आल्या. अडचण आली ती बिल्कीसची. शेवटच्या चढाच्या खाली तिचा उजवा गुडघा आखडला. ती एका ओंडक्यावर बसली आणि उठेना. वर जायला अजून वीस मिनिटं, आणि परतीची वेळ ठरलेली. गाइडची जोडीदारीण म्हणाली, मी यांच्यासोबत थांबते, बाकीच्यांनी जावं.

"मीबी थांबतो," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कायले? बर्फ मले पाहाचा होता. मी नाई त तू पाह्य." बिल्कीस गुडघा चोळत होती, वर पाहत नव्हती. "जा. आल्यावर खरं सांगजो. मोठं करून सांगू नको, लहान करून सांगू नको."

सुभद्राबाई गेल्या. चढ संपला, झाडं संपली आणि समोर सगळा डोंगराचा उतार बर्फाचा होता. त्या खडकावर उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी फोटो काढू का विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. कुठेतरी लांब आत मोठं काहीतरी तडकलं आणि आवाज उशिरा आला. खाली पाण्याच्या काठाला तुटलेले बर्फाचे तुकडे लागले होते. इथलं काही उचलायचं नाही, असं गाइडने दोनदा बजावलं होतं. सुभद्राबाईंनी पिशवीतला चिवड्याचा स्टीलचा डबा काढला, उरलेला चिवडा तोंडात कोंबला आणि काठाशी उतरून, गुडघ्यावर बसून डब्यात बर्फ भरला. गाइडने पाहिलं. पाहून ती दुसरीकडे वळली आणि कुणाला तरी झाडाचं नाव सांगू लागली.

त्या खाली आल्या, तेव्हा बिल्कीस तशीच ओंडक्यावर होती. सुभद्राबाईंनी डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. बिल्कीसने एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि दाढेखाली घातला. तो कडकन फुटला.

"शेंगदाणा लागला एक," ती म्हणाली. मग, "किती मोठा हाय?"

सुभद्राबाईंनी नीट विचार केला. "बडनेऱ्याहून निघालं अन् अमरावतीपर्यंत नुस्तं तेच, असं समज. उंचबी हाय. पण पांढरा नाई. भेगेभेगेत निळा हाय. आपण नकाशात समुद्र रंगवाचो ना, तो खडू."

"निळा?"

"निळा."

बिल्कीस दुसरा तुकडा चघळत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते थंडीचं की गुडघ्याचं, ते सुभद्राबाईंनी विचारलं नाही. खालून गाडीचा हॉर्न वाजला.

"मासाच पुरे होता म्हणा," बिल्कीस म्हणाली.

"आता बोलू नको," सुभद्राबाई म्हणाल्या आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "चाल. तो डबा नीट धर, सांडशीन."