विंचू विरुद्ध मुंगी

टीममध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. खरी वहिनी ती एकट्या विंचूची, तिच्या धाकट्या दिराची. पण पाच पोरं एका खोलीत दिवसभर कीबोर्ड बडवायला लागली की एकाचं नातं सगळ्यांना चिकटतं. कोचसुद्धा वहिनीच म्हणायचे, आणि ते तिच्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे होते.

टीम कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या गेमची, आणि ती तिची मॅनेजर. सामन्यांच्या वेळा, गाड्या, जेवणाचे डबे, जर्सी, पोरांचे पासवर्ड आणि पोरांची भांडणं, सगळं तिच्या गळ्यात. नवरा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यात. तान्ही लेक कडेवर घेऊन कामावर येऊ देणारं दुसरं ऑफिस तिला शोधूनही मिळालं नव्हतं. इथं सरावाच्या खोलीमागे, रिकामी खोकी ठेवतात तिथं, पाळण्यापुरती जागा कोचनी स्वतः हातानं करून दिली होती. हे ते कधी बोलून दाखवत नसत. तिला मात्र रोज आठवायचं.

लेक झाल्यापासून तिची नजर उडत्या पाखराची पिसं मोजणारी झाली होती. कोण जेवलं नाही, कुणाचे डोळे लाल झालेत, कुठल्या टेबलाचा कोपरा टोकदार आहे. त्याच नजरेला एका दुपारी दिसलं की विंचू पुतणीला भरवतोय आणि चमचा तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा रिकामा होतोय. उजव्या हाताची दोन बोटं थरथरत होती.

"काकाची बंदूक गळायला लागली गं," तो लेकीला म्हणाला आणि स्वतःच हसला.

तीही हसली, आणि हसता हसता लेकीला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं.

पण तिला चैन पडेना. विंचूचं सगळं पोट त्या बोटांवर होतं. बाकीचे चौघे समोरून लढत. हा एकटाच आडवाटेनं शत्रूच्या पाठीमागे जायचा आणि पापणी लवायच्या आत डंख मारायचा, म्हणून तर विंचू. संध्याकाळी तिनं कोचना बाजूला घेतलं.

"तुमच्यापाशी म्हणून बोलते. जरा विश्रांती द्या त्याला. हात थरथरतोय."

"बरं केलंत सांगितलंत," कोच म्हणाले. "वहिनी, तुमच्यासारखं लक्ष कुणाचं नाही."

हंगाम अर्ध्यावर आला होता. दहा टीममधल्या वरच्या चार अंतिम फेरीला जाणार, आणि हे सहावे. हंगामात एकदाच, अगदी मध्यावर, खेळाडू बदलायची मुभा असते. ती या शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपणार होती. हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणूनच कुणी त्यावर बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून विंचूला रोज दुपारी हाताच्या डॉक्टरकडे पाठवायचं ठरलं, टीमच्या खर्चानं.

"बघ, आपल्याला किती जपतात," तो म्हणाला. "आणि तू उगीच प्रत्येकावर संशय घेतेस."

तो डॉक्टरकडे गेला असताना कोचनी तिच्याकडे त्याचा गेमचा पासवर्ड मागितला. काहीतरी अपडेट टाकायचं होतं म्हणे. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण चुकचुकणाऱ्या पालींनी तिचं मन तसंही भरलेलं असायचं. कुठली खरी नि कुठली उगीचची, हे हल्ली तिलाच कळत नसे. तिनं पासवर्ड दिला.

गुरुवारचा सामना ते हरले. विंचू वाईट खेळला. हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये पलीकडच्या टीमच्या कॅप्टननं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"काय रे, आज झोपला होतास का? परवाच्या ऑनलाइन सरावात तर आमची पार वाट लावलीस! जिन्याखालून आलास, ते मी आमच्या पोरांना तीनतीनदा दाखवलं. म्हटलं, शिका जरा."

विंचूचा चेहरा खुलला. कौतुक कुणाला नको असतं? हसत हसत तो गाडीत येऊन बसला. गाडी सुरू झाली, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"वहिनी, परवा दुपारी मी कुठे होतो?"

"डॉक्टरकडे."

"मग जिन्याखालून कोण आलं?"

गाडीत टीममधले बाकीचे चौघे होते. चौघेही परवा त्या सरावात खेळले होते, कुणाच्या तरी शेजारी बसून. त्यांच्यातल्या कॅप्टननं घाईघाईनं हेडफोन कानाला लावले. त्यांची वायर नुसतीच लोंबकळत होती.

"माझ्या नावानं कुणाला तरी खेळवलं. समोरच्यांना कळू नये म्हणून." विंचू तिच्याकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार?"

नव्हतंच ठाऊक. पण पासवर्डाबद्दल तिनं मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

शुक्रवारी दुपारी विंचू कोचच्या टेबलासमोर उभा राहिला. कोच डगमगले नाहीत. आहे एक मुलगी, म्हणाले. मुंगी म्हणतात तिला. बाहेरच बसली आहे.

"मग बसवा समोर," विंचू म्हणाला. "एकास एक. जो आधी दहा वेळा मारेल, तो टीममध्ये."

"बसवतो की," कोच म्हणाले. अगदी सहज.

पोरं खुर्च्या ओढायला लागली. कोच तिला पाळण्याच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटलं.

"त्याच्या जागी मुंगीचं नाव आयोजकांना सकाळीच कळवलंय. सहाला जाहीर होईल."

तिनं विचारलं, "मग ही कुस्ती कशाला?"

"पोरीचा हात तयार आहे. डोकं कच्चं आहे. शिकव म्हटलं तर हा शिकवेल? हातचं राखूनच शिकवेल. आता जीव खाऊन खेळेल. पोतडीतलं असेल नसेल ते सगळं बाहेर काढेल." ते कुजबुजत होते, कारण लेक झोपली होती. "रेकॉर्डिंग तेवढं तुम्ही चालू करा. आणि घरी गेल्यावर त्याला तुम्हीच सांगा. आपल्या माणसानं सांगितलेलं कमी लागतं."

"हे बरं नाही, सर."

"हात थरथरतो हे बरं आहे? तुम्हीच म्हणालात ना?" त्यांनी पाळण्याला हलकेच झोका दिला. "ही मोठी व्हायचीय अजून. तुम्ही तरी इथं असायला हव्यात."

ती बाहेर आली. विंचू बोटं मोडत बसला होता. तिला पाहून त्यानं डोळा मारला. तिनं त्याच्या मागून हात घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला. तसा तो प्रत्येक सरावाला येत असे. त्यानं बघितलंही नाही.

मुंगी बारकीशी, नम्र, खुर्चीत पाय न टेकणारी. "दादा, मी तुमचे सगळे सामने बघितलेत," ती म्हणाली.

"मग हरायची सवय असेल तुला," विंचू म्हणाला आणि पोरं खिदळली.

पहिले तीन डाव मुंगीनं घेतले. तिचा हात खरंच विजेसारखा होता.

"विंच्या, अरे हत्ती होऊन लाकडं फोडतोस, ती बघ मुंगी होऊन साखर खातेय!" कॅप्टन ओरडला. गाडीतला अबोला तो असा धुऊन काढत होता.

"गप रे. साखर कुणाच्या डब्यातली, बघ आता."

मग विंचूनं पोतडी सोडली. वर्षानुवर्षांच्या चाली, घरी आरशासमोर बसल्यासारखं एकट्यानं घोटलेल्या. एक तर कुणी पाहिलीच नव्हती: एका दिशेला मुद्दाम पावलं वाजवत पळायचं, मग आपल्याच वाटेनं आवाज न करता उलटं यायचं. मुंगी आवाजाकडे बंदूक रोखून बसे आणि हा तिच्या पाठीत. दोनदा, तीनदा, चारदा. बोटं थरथरत होती, तरी डंख चुकत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि वहिनी उभी राहून लाल ठिपक्याकडे बघत होती. आता हरायला लाग, असं तिला मनापासून वाटत होतं. हरलास तर निदान तुझं काही शिल्लक राहील.

तो जिंकला. पोरांनी त्याला खुर्चीसकट उचलला. त्या चौघांना काय माहीत होतं, देव जाणे. खांदे मात्र चौघांनी दिले.

"दादा, ते उलटं यायचं कसं केलंत?" मुंगीनं विचारलं.

आणि विंचू, जिंकल्याच्या भरात, तिच्या शेजारी बसला. "बघ. शेवटची दोन पावलं वाजवायचीच. तिथंच सगळे चुकतात." तिचा हात धरून त्यानं कळांवर ठेवला. कोच मागे हाताची घडी घालून उभे होते.

नंतर तो बाहेर जिन्यात आला, फोन कानाला लावून.

"आई, राहिलो मी! हो, सगळ्यांसमोर. पोरगी चांगली आहे गं, कच्ची आहे जरा. शिकवीन मी तिला." त्यानं फोन वहिनीच्या हातात कोंबला. "घे, तिला माझा विश्वास वाटत नाही."

"हा मला काहीही सांगतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. तू सांग गं. तू खोटं बोलायची नाहीस. राहिला ना नक्की?"

सहाला अजून थोडा अवकाश होता. विंचू समोर उभा राहून दात काढत होता.

"हो, आई," ती म्हणाली. "तुम्ही निवांत झोपा आज."

आतून एकदम गलका उठला. टेबलावर थापा पडल्या आणि कॅप्टनचा आवाज आला, "जमली! पोरीला जमली!"

विंचूनं कान टवकारले. "उलटं यायचं जमलं तिला," तो वहिनीला म्हणाला, आणि अभिमानानं त्याची मान ताठ झाली. "बघ, एकदा सांगितलं आणि लगेच."