केसाएवढा उजेड

उजेडबाईंनी दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींत बसवल्या, खिडकीकडे धरल्या आणि एक डोळा मिटला. एका पट्टीला खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी जीभ. मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. केसाएवढा उजेड चालतो, असं परीक्षा मंडळाचं म्हणणं. बाईंनी तो चालवून घेतला, नंबराच्या ठशावर हातोडीचा घाव घातला आणि जोडी परीक्षकांच्या टेबलाकडे सरकवली.

"पुढचा."

उजेडबाई हे नाव मुलांनी पाठीमागे ठेवलेलं. समोर सगळे मॅडमच म्हणत. फिटरचा वर्ग त्या इतकी वर्षं चालवत होत्या, की हे टोपणनावही वर्गाच्या सामानात जमा झालं होतं आणि जुनी तुकडी जाताना ते नव्या तुकडीच्या हवाली करून जाई.

आज देशभरातल्या फिटरांची एकाच वेळी परीक्षा होती. सकाळी मंडळाचं सीलबंद पाकीट मोठ्या थाटात फोडलं गेलं आणि आतून जोडीचा दरवर्षीचाच नकाशा बाहेर आला. मंडळाने तो बदलायचं कधी मनावरच घेतलं नव्हतं. त्याऐवजी एक नियम होता. पास झालेली प्रत्येक जोडी शिक्षकाने तिथल्या तिथे करवतीने मधोमध कापायची, म्हणजे पुढच्या वर्षी तीच कोणी पुढे करायला नको. नापास जोडी मात्र अख्खी परत मिळायची. त्यामुळे या कार्यशाळेत 'पास झालास का?' असं कोणी विचारत नसे. 'कापला का?' असं विचारत.

बाईंचे हात चालू होते. हल्ली हातच काय ते चालू असत. मुलगा गेल्यापासून त्या वेळेवर येत, शिकवत, वेळेवर घरी जात, ओट्याशी उभ्याउभ्याच जेवत. दुःख म्हणावं तर तेही धड नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं. सुरुवातीला लोक सांत्वनाला येत. समोर काहीच होत नाही म्हटल्यावर तेही यायचे थांबले.

मुलगा मागच्या तुकडीत, त्यांच्याच वर्गात होता. घरी आई, इथे मॅडम. त्यात त्याने कधी गल्लत केली नाही. परीक्षेच्या तोंडावर सरावाचा जॉब, म्हणजे अशीच जोडी, त्याने त्यांना पुन्हा पुन्हा दाखवला आणि त्यांनी तो प्रत्येक वेळी परत केला.

"उजेड दिसतोय."

"मॅडम, केसाएवढा चालतो ना?"

"इतरांना चालतो."

तो आपल्या जागेवर गेला. त्या घरी निघाल्या तेव्हाही तो कानस चालवतच होता. त्या रात्री घरी येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं.

"मॅडम, माझा."

पुढे मावशी उभी होती. मावशीही टोपणनावच, विशी-बाविशीच्या वर्गात चाळिशीला टेकलेली ही एकटीच बाई. शिवणाचा कारखाना बंद पडल्यावर सरकारच्या योजनेतून ती इथे आली होती. सुईवरून कानशीवर, असं स्वतःच म्हणून हसायची. आज हसत नव्हती.

बाईंनी तिची जोडी घेतली, बसवली, खिडकीकडे धरली. उजेड नाही. त्यांनी ती फिरवली. कुठेच नाही. जोडी खाली घेताना त्यांची नजर पट्टीच्या पाठीवर गेली आणि हातोडीकडे निघालेला हात तिथेच राहिला.

कानशीचे शेवटचे ओरखडे उलट्या अंगाला कलले होते. उजव्या हाताच्या माणसाचे असे पडत नाहीत. आणि बाईंच्या वर्गात इतक्या वर्षांत डावखुरा एकच झाला होता.

"मावशी, हा तुम्ही केलात?"

"हो, मॅडम."

"जरा कानस धरून दाखवा."

मावशीने कानस उचलली. मूठ सरळ तिच्या उजव्या हातात गेली. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. आपलं काय चुकलं ते मावशीला कळलं नाही, पण चुकलं एवढं कळलं. तिने कानस अलगद खाली ठेवली.

"कुठे मिळाला?"

"पेटीत," मावशी हळूच म्हणाली. "मला दिलेल्या हत्यारांच्या पेटीत. अगदी तळाशी, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. कुणाचा तरी जुना असेल म्हटलं."

मागच्या तुकडीच्या पेट्या नव्या तुकडीला बाईंनीच वाटल्या होत्या. न उघडता, एकीमागून एक, समोर येईल त्याच्या हातात.

म्हणजे त्या रात्री त्याने तो केला होता. बिनउजेडाचा. तेल लावून, गुंडाळून, सकाळी दाखवायला ठेवला होता.

"मॅडम, सांगू नका ना कुणाला," मावशी म्हणाली. "सोमवारी कारखान्यात बोलावलंय. सर्टिफिकेट असेल तरच आत घेणार आहेत. हे आजारी पडल्यापासून घर माझ्यावरच आहे. माझा जॉब झालाय हो, अगदीच नाही असं नाही. पण उजेड दिसतो. आणि तुमच्यासमोर तो घेऊन यायचा म्हणजे..."

नक्कल सापडली तर दोन वर्षं परीक्षेला बसता येत नसे. परीक्षक पलीकडे चहाचा कप बाजूला ठेवून कुणाच्या तरी जोडीला काटकोन बघायचा गुण्या लावत होते. एक हाक पुरे होती.

"तुमचा कुठाय?"

मावशीने एप्रनच्या खिशातून जोडी काढली. खिशात धरून धरून ती घामाने ओली झाली होती. बाईंनी ती पुसली आणि खिडकीकडे धरली. एका कोपऱ्यात रेघ जाड होती, बाकी बारीक. जाड जागी त्यांनी मापाची पातळ पट्टी सरकवून पाहिली. ती गेली नाही.

"चालतो."

"उजेड दिसतोय ना पण?"

"दिसू दे. एवढा चालतो, मावशी."

इतकं सोपं होतं तर. एक शब्द, आणि समोरच्या माणसाचे खांदे खाली येतात. बाईंनी ठसा ठेवून घाव घातला तो जरा तिरपाच बसला. सुईचा अंमल उतरू लागला होता. गाल दुखायला लागला होता.

परीक्षक उठून आले. मावशीची जोडी मोजली, पास म्हणून मान हलवली. मग त्यांचा हात दुसऱ्या जोडीवर पडला.

"हा कुणाचा? यावर नंबर नाही."

मावशीने बाईंकडे पाहिलं.

"मागच्या एका मुलाचा," बाई म्हणाल्या. "तपासायचा राहून गेला होता."

परीक्षकांनी तो खिडकीकडे धरला. फिरवला. चष्मा वर करून पुन्हा धरला.

"सुरेख बसलाय हो. मुलगा कुठे असतो आता?"

"पास आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, मॅडम? असा जॉब वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. बाईंनी जोडी शेजारच्या व्हाइसमध्ये आवळली आणि करवत घेतली. पातं ताणलेलं आहे ना, ते अंगठ्याने बघितलं. एव्हाना तो मुलगा कोण, ते मावशीला कळलं होतं. तिने दोन्ही हातांनी पट्टीचं टोक झाकलं.

"मॅडम, नका. हा ठेवून घ्या ना घरी. कोण विचारतंय?"

बाईंनी तिचे हात हळूच बाजूला केले आणि पातं बरोबर मधोमध टेकवलं.

"नाही, मावशी. पास झालाय."