डोंगरापलीकडची हवा

गच्चीवरच्या दोरीवरून तिने पांढरी चादर ओढली आणि सवयीने झटकली. काळे कण पडले नाहीत. एक कण नखाने उडवायला गेली, तर तो चिकट रेघ होऊन पसरला. तिने चादरीचा बोळा करून पुन्हा बादलीत टाकला. दोरीवर अजून दवाखान्याच्या उशांचे अभ्रे वाळत होते. ते बघायला ती गेलीच नाही.

गल्लीच्या टोकाला कारखान्याची भट्टी होती. तिथे बिडाचे तवे आणि कढया ओतत. माल सगळा बोटीने परदेशात जायचा. गल्लीत कुणाच्याही घरी तिथला तवा नव्हता, पण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. वर्षअखेरीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की भट्टी दिवसरात्र पेटलेली असे, आणि त्याच दिवसांत गल्लीतल्या लोकांच्या छात्या कफाने भरत.

खाली दुकानात तिचा नवरा कपड्यांना चिठ्ठ्या टाचत बसला होता. तो पूर्वी बस चालवायचा. गल्लीतले लोक त्याला अजूनही ड्रायव्हरकाका म्हणत, आणि लॉन्ड्री चालवणाऱ्या तिला सगळे ताईच म्हणत. मूळचं ते नाव तिच्या भावाने पाडलेलं. धाकटा तिचा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा तो बोट धरून चालण्याएवढा होता. लग्न होऊन ती इथे आली ती त्याला घेऊनच. नवऱ्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. उलट सुट्टीच्या दिवशी तो पोराला बसमध्ये स्वतःशेजारी बॉनेटवर बसवी आणि गिअर बदलताना त्याचा हात दांड्यावर ठेवी. प्रवाशांना सांगे, गाडी हाच चालवतोय, मी नुसता पगाराला आहे.

तोच धाकटा आता कारखान्यात भट्टी खात्याचा मुख्य होता.

पावसाळा सरल्यावर गल्लीतल्या लोकांनी कारखान्याविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं होतं. पुढाकार शिंप्याचा. त्याची नात रात्रभर खोकायची, आणि सून तिला उभी धरून बसायची. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मजकूर लिहून काढला. सह्यांसाठी सगळे शिंप्याच्या दुकानात जमले, तेव्हा ताईनेच त्यांना थांबवलं. आधी माझ्या भावाला विचारू, म्हणाली. तो आतला माणूस आहे.

धाकटा आला. शिंप्याच्या बाकावर, कापडाच्या तुकड्यांत, सगळ्यांसारखाच दाटीवाटीने बसला. भट्टीचा धूर मोठमोठ्या कापडी पिशव्यांतून गाळून मगच बाहेर सोडतात, हे त्याने समजावून सांगितलं. मग तो त्या सगळ्यांना घेऊन कारखान्यात गेला. माणसापेक्षा उंच पिशव्यांच्या रांगा, खालच्या पेटीत साठलेली राख, घरघरणारा पंखा त्यांनी डोळ्यांनी बघितला. चिमणीतून तेव्हा जेमतेम धूसर वाफ निघत होती. परत येताना शिंप्याने विचारलं होतं, हे रोज असंच चालतं ना? ताई म्हणाली होती, "माझा भाऊ खोटं बोलणार नाही. बोललाच, तर माझ्या दारात येऊन मला विचारा."

अर्ज बाईंच्या कपाटात राहिला. खोकला थंडीचा, वाहनांचा, चुलींचा असेल, असं लोक म्हणू लागले. ताईच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

थंडी वाढली तसा ड्रायव्हर बसल्या जागी धापा टाकू लागला. एका सकाळी त्याचे ओठ निळसर दिसले आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. धाकट्याने पैसा-वेळ काही बघितलं नाही. खाट मिळवली, औषधं आणली, कामावरून सुटला की तडक येऊन भावोजींची पाठ चोळत बसला. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, जमलं तर यांना त्या हवेतून बाहेर काढा. धाकटा तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभा होता. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाळ, तू आहेस म्हणून मी उभी आहे, म्हणाली. त्याने मान हलवली, पण वळला नाही.

ड्रायव्हर घरी आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकट्याने डोंगराच्या पलीकडे घर घेतल्याचं सांगितलं. मुलीची शाळा तिकडे चांगली आहे, म्हणाला. ताईला थोडं लागलं, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. नव्या घरासाठी तिने पांढऱ्या पडद्यांचं कापड आणलं, शिंप्याकडून शिवून घेतलं, हलकी कांजी देऊन स्वतः इस्त्री केली, आणि सामान लागल्यावर ते पडदे हातांवर आडवे धरून, घडी मोडू न देता, बसने गेली.

घर वरच्या मजल्यावर होतं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. खिडकीच्या पट्टीवरून तिने सहज बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग तेच बोट पदराला पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना. धाकटा बाल्कनीत फोनवर बोलत होता. भाची जिना धावत चढून आली, आत्याच्या गळ्यात पडली आणि तशीच पुन्हा खाली पळाली.

"बघितलंत ना?" भावजय चहा ओतताना म्हणाली. "तिकडे दोन जिने चढली की धाप लागून पंप ओढावा लागायचा. इथे आल्यापासून पंप कपाटात पडलाय."

ताईने पंपाचं कधी ऐकलं नव्हतं. कसला पंप, हे विचारायला तिने तोंड उघडलं, पण भावजय बोलतच होती. ऑर्डरींचा हंगाम आला की हे मला आधी सांगायचे, खिडक्या लावून घे. पिशव्या चोंदतात, भट्टीला हवेचा ओढा कमी पडतो, माल मागे पडतो, बोट चुकते. म्हणून मग धूर पिशव्या टाळून सरळ चिमणीत सोडतात. वरूनच तसं सांगणं असतं. यांचा तरी काय इलाज. पण पोरीला तिथे ठेवायचं नाही, असं यांनी गेल्या वर्षीच ठरवलं होतं.

"तुम्हालाही किती सांगितलं यांनी," भावजय म्हणाली. "पण तुमचा त्या दुकानात जीव अडकलाय. मी म्हटलं, ताई ऐकायच्या नाहीत."

ताईने कपाकडे बघितलं. चहावर साय धरली होती. ती तिने बोटाने बाजूला केली.

"हो," ती म्हणाली. "म्हणाला होता."

पडदे लावून झाल्यावरच ती निघाली. धाकटा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो नव्या शाळेबद्दल, पाण्याबद्दल, शेजाऱ्यांबद्दल बोलत राहिला. ती मध्येच उभी राहिली. तोही थांबला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचा बंद झाला.

"आम्ही आलो होतो, त्या दिवशी पिशव्या चालू होत्या," ती म्हणाली.

"होत्या, ताई. ते खोटं नव्हतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तो पायाने रस्त्यावरचा खडा हलवत राहिला. मग हळूहळू बोलू लागला. परदेशची गिऱ्हाइकं माल बघायला येतात तेव्हाही सगळं चालूच असतं. तीही पिशव्या बघून, मान डोलावून जातात आणि जाताना भाव आणखी खाली पाडतात. मी नाही म्हटलं तर माझ्या जागी दुसरा येईल, तो हेच करेल. त्या दिवशी तुम्ही सगळे बघत होतात, मी काय बोलायला हवं होतं. तिने मध्ये एकही शब्द टाकला नाही. त्यामुळे त्याला बोलतच राहावं लागलं, आणि बोलता बोलता तो भावोजींपाशी पोचला.

"तुला नाही सांगितलं, पण भावोजींना सांगितलं होतं मी. अर्जाच्या आधी. म्हटलं, तुम्ही दोघं तरी इथून हला. मी खोली बघतो. तेच नको म्हणाले."

बस आली. तिने त्याच्याकडे न बघता दांडा धरला आणि चढली. तो खिडकीच्या बाजूला येऊन उभा राहिला. ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. दुकानात नवरा शर्टांच्या घड्या घालत होता. घर कसं आहे, पडदे बरोबर बसले का, त्याने एकामागून एक विचारलं. तिने पिशवी खुंटीला लावली. त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली, आणि एक शर्ट ओढून घेऊन त्याचं वरचं बटण लावलं.

"तुम्हाला माहीत होतं."

त्याचा हात घडीवरच राहिला. काय, असं त्याने विचारलं नाही. खाली बघून कॉलर सरळ केली.

"पोरगा रडला माझ्यापुढे," तो म्हणाला. "म्हणाला, ताईला कळलं तर तिला तोंड दाखवता येणार नाही. मीच म्हटलं, तिला सांगू नकोस."

"का?"

श्वासासाठी थांबला. "त्याचं नाव घेतेस तेव्हा तुझा चेहरा कसा होतो, ते तुला दिसत नाही. मला दिसतो. म्हटलं, माझं किती राहिलंय. तेवढ्यासाठी तुझा तो चेहरा कशाला घालवायचा."

या माणसाने आपल्यासाठी काय केलं, हे तिला नीट कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिला ओरडता येईना. तिने बटणं शेवटपर्यंत लावली. शर्टाची घडी घातली, चळतीवर ठेवली, मग ती घडी पुन्हा मोडली.

"शिंप्याच्या नातीचं किती राहिलंय?" ती म्हणाली.

बाहेरून कुणीतरी इस्त्रीचे कपडे झाले का विचारलं. उद्या या, असं तिने तिथूनच सांगितलं. उठली, चपला घातल्या.

"त्याची नोकरी जाईल," तो म्हणाला.

"तुमचंही नाव घेणार आहे मी. माहीत होतं म्हणून."

तो टाचण्यांचा डबा बंद करून, टेबलाला धरून उभा राहिला. "मग मी समोर असलेला बरा," म्हणाला.

शिंप्याच्या दुकानात मुख्याध्यापिकाबाई पोलक्याचं माप द्यायला आल्या होत्या. शिंपी मशिनवर होता. आत पडद्यामागे सून मुलीला थोपटत होती. ताईने बसायला नको म्हटलं. उभ्यानेच सांगितलं, भावजयीने जसं सांगितलं तसं, काही न वगळता. स्वतः दिलेल्या शब्दापाशी आली तेव्हा तिने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. नवऱ्याचं सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मशिनचा पाय थांबला होता. शिंप्याने सुईखालचं कापड ओढून काढलं.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या मांडीवर बसून खेळते हो ती."

ड्रायव्हरने काही बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला खोकल्याची उबळ आली. शिंप्याने स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. सून पडदा बाजूला करून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातात न देता शेजारी खाली ठेवून आत गेली. ड्रायव्हर स्टुलावर बसला. तांब्याला त्याने हात लावला नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या कामाचं बोलू लागल्या. अर्ज अजून कपाटात आहे, म्हणाल्या, उद्याच देता येईल. पण नुसत्या अर्जाने काही होत नाही. तपासायला माणसं येतील त्या दिवशी पिशव्या चालूच असणार. कुणीतरी आतलं माणूस उभं राहून सांगायला हवं.

त्यांनी ताईकडे बघितलं. शिंप्यानेही बघितलं. पडद्यामागचं थोपटणं थांबलं.

"तुमचा भाऊ येईल का बोलायला?"

येईल, माझा भाऊ आहे तो, हे शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. पदर तोंडावर धरला, आणि मग तो खाली केला.

"येईल की नाही, मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.